शेवंतीच्या नावाचा चौकोन

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोसमोर नाही — तिच्याबरोबर सगळा संसार झाला, ती गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. आईसमोर नाही, दादासमोर नाही. निदान देवीपुढे तरी बोलावं म्हणून दोनदा कौल लावायला देवळात जाऊन बसलो. पाकळ्या लावून झाल्या, गुरवाने विचारलं, काय गाऱ्हाणं घालू? एकदा मी बढतीचं सांगितलं, एकदा गुडघ्याचं. देवीने दोन्ही वेळा उजवा कौल दिला. जे विचारायचं होतं ते मी विचारलंच नाही, तर ती तरी काय करणार?

तुम्ही म्हणाल, आता या वयात कशाला? पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला कोण काय करणार आहे? खरं आहे. मला कोणी काही करणार नाही. तरी मला भीती वाटते. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून उंडे घेऊन येतो, भोंगा वाजवतो, तेवढ्यानेही छातीत धस्स होतं. फाटक वाजलं की वाटतं, आमच्या गावाहून, चोपड्याहून कोणी आलं. आणि पुढच्या खोलीत सायलीचं मशीन सुरू झालं की मी आतल्या खोलीत जाऊन बसतो — दार लावून.

सायली म्हणजे माझ्या दादाची नात. मला आजो म्हणते. तिला मुळगावात दिली आहे. लग्नानंतर ती गोधड्या शिवायला लागली. साध्या नव्हेत, पणजीच्या दुकानांत टांगतात त्या. त्यासाठी तिने ते लांब हाताचं मशीन आणलं. लाँगआर्म. तिच्या घरात मावेना, म्हणून डिचोलीला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. मी एकटाच राहतो. मलाही बरं वाटलं, दिवसभर घरात माणूस असेल. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. आपल्या नेहमीच्या मशीनवर सुई एका जागी असते आणि आपण कपडा सरकवतो. इथे उलटं. पलंगाहून लांब चौकट, तिच्यावर वरचा जोड, मधला कापूस आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर रुळांना ताणून गुंडाळलेले. कपडा जागचा हलत नाही. मशीनच रुळांवरून चालत येतं, आणि सायली स्कूटरसारख्या त्याच्या दोन मुठी धरून ते हवं तिकडे नेते. सुई येत राहते. कपड्याला कुठे जायला जागा नसते.

मागच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी ती पंच्यात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आली. दिवस गेलेले होते तिला, चेहरा सुजरा झाला होता, आणि खूश होती. चोपड्याच्या घरात आजीची पेटी उघडली, म्हणाली, आणि तळाशी हे मिळालं. शालनवहिनी — माझी भावजय, सायलीची आजी — जाऊन वर्ष झालं होतं. सायलीने मेजावर पंचा सोडला.

मी कदेलीवर, माझ्या खुर्चीवर, बसलो होतो. बसल्या जागेवरूनच दिसलं.

हाताने शिवलेले चौकोन होते. एक लाल, इरकली काठाचा, कोणाच्या तरी धोतराचा पिवळट झालेला पांढरा, एक शाळेच्या खाकी चड्डीचा. आणि एक निळा, त्यावर पांढरे ठिपके. प्रत्येकाच्या चारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी पक्क्या केलेल्या, पण एकमेकांना जोडलेले नव्हते. मला सगळे ओळखीचे. आणि तिलाही! आजीने तिला लहानपणी कधीतरी ते दाखवून एकेकाचं घर सांगून ठेवलं होतं — हा वरच्या वाड्यावरचा, हा तरीवाल्यांचा, हा मास्तरांचा. निळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आणि हा शेवंतीआजीचा."

मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली. मान हलवणंही बोलणंच की.

हे जोडून, मशीनवर घालून, ती आपल्या बाळाला गोधडी करणार होती. आजीची राहिलेली गोधडी नातीने पुरी केली असं होईल, म्हणाली. मला ते नको होतं. का, ते कळायला मागे जावं लागेल. मी सरळ सांगू शकत नाही, सवय नाही.

तेव्हा आम्ही चोपड्याला होतो. शापोरा नदीवर पूल नव्हता, पलीकडे न्यायला तर, म्हणजे होडी, होती. दादा मिठागरावर आणि शेतात राबायचा, मी म्हापशाच्या कॉलेजात जायचो — आमच्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीतून, कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी तेव्हा विसरू देत नव्हतो कोणाला. वहिनीची दोन बाळं जगली नव्हती. एक जन्मताच गेलं, दुसरं बसायला लागल्यावर. तान्ह्या बाळांना आपल्यात पुरतात. दोघं खाडीच्या बांधापलीकडे केवड्यात होती. वाड्यावरची अशी सगळीच बाळं तिथे. त्या बाजूला कोणी सहज जात नसे.

तिसऱ्यांदा वहिनीला दिवस गेले तेव्हा आईने ठरवलं, या बाळाला मागून आणलेल्या कपड्याची गोधडी करायची. तुमच्याकडेही ही रीत असेल. ज्या घरात लेकरं जगली, वाढली, त्या घरांच्या दारात जाऊन कपड्याचा तुकडा मागायचा. विकत घ्यायचा नाही, घरातला वापरायचा नाही. भीक मागितल्यासारखा पदर पसरून मागायचा, म्हणजे बाळ आपलं नाही, मागून आणलेलं आहे असं होतं आणि त्याच्याकडे कोणाची नजर जात नाही. जिथे लेकरू गेलंय त्या घरचा धागाही चालत नाही. मिळालेल्या तुकड्यांचे चौकोन करायचे. बारशापर्यंत ते जोडायचे नाहीत, सुटेच पाळण्यात बाळाखाली पसरायचे. बारशाला नाव ठेवलं की जोडून गोधडी करायची.

वहिनी स्वतः दारोदार हिंडली. पोट पुढे आलेलं, उन्हात, अनवाणी. सगळी घरं झाली, एक राहिलं. शेवंतीचं. खालच्या वाड्यावर, लांब. शेवंती तिची मैत्रीण. ओहोटीला दोघी मिळून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायच्या, गुडघाभर चिखलात उभ्या राहून हसायच्या, इतक्या मोठ्याने की आई घरातून ओरडायची. शेवंतीची चारही पोरं धट्टीकट्टी. तिच्या घरचा कपडा तर हवाच होता. पण वहिनीचे पाय सुजले, आणि तिने मला सांगितलं. भावजी, म्हणाली, तेवढं करा माझ्यासाठी. तिने त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझे कपडे धुवायची, कॉलेजची बस चुकू नये म्हणून पहाटे उठून पेज करायची. मागितलं काय, तर एक चिंधी.

मी गेलो. शेवंतीच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. तिथून घरापुढचा सोपो, ओटा, दिसायचा. सोप्यावर तिचा धाकटा दीर बसला होता, माझ्याच वर्गातला, आणि त्याच्याबरोबर म्हापशाची दोन पोरं. कॅरम चालला होता. एकाच्या अंगात बेलबॉटम. आणि मी त्यांच्यासमोर उभं राहून पंचा पसरायचा आणि म्हणायचं — माये, जित्या लेकराचा कपडा घाल गो?

नाही गेलो पुढे. एवढंच. माडाच्या आड थोडा वेळ उभा राहिलो, त्यांचं हसणं ऐकलं, आणि वळलो. परत येताना वाटेत एका झुडपावर एक कपडा दिसला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याचा चौकोनी तुकडा फाडला, नदीत खळबळून घेतला, आणि घरी येऊन वहिनीच्या हातात दिला. शेवंतीने दिला म्हणालो. वहिनीने तो कपाळाला लावला.

हे मी काय लिहिलं? लज्जेपायी केलेली एक लहान लबाडी. अशी वीस वर्षांची पोरं करतात. मी स्वतःला किती वर्षं असंच सांगत आलो.

मुलगा झाला. चांगला वजनदार, काळाभोर. बारशाच्या आधीच त्याला ताप आला. दोन दिवस अंग फणफणलं. दादा तरीतून म्हापशाला न्यायला निघाला, पण नदीतच पोर गेलं. त्याला नाव नव्हतं.

डॉक्टर नंतर काय ते म्हणाले. मला तेव्हाही ठाऊक होतं की चिंधीने बाळ मरत नाही. विज्ञान शिकत होतो मी! पण तुम्हाला सांगतो — दादा गेलेल्या बाळाला घेऊन तरीतून परत उतरला तेव्हा मला विज्ञान आठवलं नाही. मला तो निळा चौकोन आठवला. पाळण्यात सगळ्यात वर तोच होता. बाळाच्या गालाखाली.

पुढचं सांगायला मला जड जातं, कारण आतापर्यंतची चूक होती, पुढचं पाप आहे.

सुतकाचे दिवस सरले. वाड्यावरच्या बायका सोप्यावर जमल्या होत्या. आईने चौकोन मांडले आणि एकेका घराचा हिशोब घ्यायला लागली; दोष कुठून आला ते तिला शोधायचं होतं. तिचंही काही चुकलं म्हणत नाही, तिसरं नातवंड गेलं होतं. कोणीतरी आठवण काढली की शेवंतीचं मधे एक पोट पडलं होतं, तिने कोणाला सांगितलं नाही. मग निळ्या चौकोनावर सगळ्यांचे डोळे गेले. तेवढ्यात शेवंतीच आली, वहिनीला भेटायला, हातात नारळ घेऊन. आईने तिला उंबऱ्यावरच थांबवलं. असला कपडा का दिलास, विचारलं.

शेवंती गोंधळली. "माझ्या दारात कोण इलोच नाय," ती म्हणाली. "कपडो मी दिलो खंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिनेही पाहिलं. खरं सांगायचं तर मग कपडा कुठला, हेही सांगावं लागणार होतं. आणि मी हसून — हो, मी हसलो — शेवंतीला म्हणालो, "दिलंस की गो. इसारलंस?"

ती भांडली नाही. ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. आईने तो नारळ नदीत टाकायला लावला.

मलाच टाकायला लावला.

त्यानंतर शेवंतीला कोणी ओटी भरायला बोलावलं नाही. बाळंतिणीच्या घरात तिने पाऊल टाकायचं नाही, हे कोणी ठरवलं नाही, पण ठरलं. गरोदर बायका ती वाटेत दिसली की पदर ओढून घ्यायच्या. वहिनी ओहोटीला आता एकटीच जायची, आणि शेवंती खाली चिखलात दिसली की परत फिरायची, टोपली रिकामीच घेऊन. दोन वर्षांनी प्रकाश झाला, सायलीचा बाप. तो जगला. बायका म्हणाल्या, बघा, त्या बाईला लांब ठेवली म्हणून जगला. झालं! माझ्या खोट्याला पुरावा मिळाला. मला पणजीला सरकारी नोकरी लागली, डिचोलीला घर केलं, पुढे नदीवर पूल झाला. मी चोपड्याला जायचो ते चतुर्थीला, आणि खालच्या वाड्याकडे पाठ करून.

आता मेजावरच्या चौकोनांकडे परत येतो. सायली ते एकमेकांशेजारी लावून बघत होती, कुठला रंग कुठे शोभतो. तो निळा तिने मधोमध ठेवला. तिचं पोट मेजाच्या कडेला टेकत होतं. मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते — मला वाटलं, तो कपडा तिच्या पोटाच्या फार जवळ आहे.

ती जेवायला आत गेली तेव्हा मी तो उचलला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

इतक्या वर्षांनी काय केलं मी? सांगितलं नाही, चोरलं. सायलीने सगळी खोली उलथी केली. मशीनखाली वाकून पाहिलं, केरातसुद्धा पाहिलं, रडकुंडीला आली. मीही तिच्याबरोबर शोधत होतो! जनेलाबाहेर वाकून बघितलं, वाऱ्याने उडाला असेल म्हणालो. खिशात तो कपडा छातीला भाजल्यासारखा लागत होता. मला वाटलं होतं, ती हळहळेल आणि सोडून देईल. पण शालनवहिनीची नात ती. डोळे पुसून म्हणाली, शेवंतीआजी अजून आहेत ना? मग त्यांच्याकडूनच दुसरा मागून आणू. आणि आजो, तुम्ही चला माझ्याबरोबर, मला त्या ओळखत नाहीत.

काय सांगून नाही म्हणू? गुडघ्याचं निमित्त केलं. ती म्हणाली, गाडी दारात नेऊ.

गाडी खरंच दारात नेली. तेच घर, वर पत्रे आलेले, सोपो तोच. शेवंती सोप्यावर आमसुलं वाळत घालत होती. वाकली आहे, पण डोळे तसेच. सायलीने आपली ओळख सांगितली, आजीचं नाव घेतलं. वहिनीचं नाव ऐकून तिचा हात थांबला. मग सायलीने हसत हसत सगळं सांगितलं — चौकोन सापडले, तुमचा तेवढा हरवला, माझ्या बाळासाठी एक तुकडा द्या.

शेवंतीने तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगेल. आता या पोरीसमोर सगळं बाहेर येईल. आणि खोटं का बोलू, क्षणभर बरंही वाटलं — की चला, मला बोलावं लागणार नाही.

पण ती सोपं करून देणारी नव्हती. म्हणाली, "दितंय. पण मागूक याने व्हया. तेव्हा लाज वाटली. आता माग, बाबल्या."

मला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. सायली हसायला लागली, तिला वाटलं जुन्या माणसांची थट्टा चालली आहे. तिने स्वतःची ओढणी माझ्या हातात दिली. मी ती पसरली. शब्द आठवत होते, एकूणएक, आणि मी ते म्हटले. माये, जित्या लेकराचा कपडा घाल गो.

शेवंती आत गेली आणि जांभळ्या लुगड्याचा पदर फाडून घेऊन आली. फाटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. चांगलं लुगडं होतं, जुनं नव्हे. माझ्या हातातल्या ओढणीत घातला. सायली परसात विहीर बघायला गेली तेव्हा ती माझ्या शेजारी बसली, आणि आमसुलं पालथी करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा खोटा आज खरा झाला. माझा खरा अजून खोटाच आसा."

मी एक आमसूल उचलून पालथं केलं. मला वाटतं, ती वाट बघत होती. मग सायली आली.

म्हणजे सुरुवातीला मी लिहिलं त्यावरून हे कोणालाच ठाऊक नाही असं वाटतं, तेही खरं नाही. एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ते लपवलं ते बाकीच्या सगळ्या जगापासून. आणि तिने ते एकटीने बाळगलं, कारण तिच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं?

सायलीने चौकोन जोडले, मशीनवर ताणले. शिवताना मला बळेच बोलावलं, आजो, तुम्हीपण चार टाके घाला. मुठी माझ्या हातात दिल्या. बटण दाबताच ते सबंध धूड मला ओढून नेऊ लागलं, आणि मी नेमका त्या जांभळ्या तुकड्यावरून वाकडातिकडा गेलो. थांबव म्हणालो, उसव म्हणालो. ती म्हणाली, राहू दे, तुमची ओळ आहे. सुंदर गोधडी झाली. मला वाटायला लागलं, मिटलं सगळं. तिच्या घरचा कपडा आता खरोखरच आला आहे. आता कशाला बोलायचं? बघा, माणूस कसा असतो.

मुलगी झाली. सुखरूप. मुळगावात बारसं केलं. सायलीने शेवंतीला गाडी पाठवून आणवली आणि गोधडी पाळण्यात घालायचा मान तिला दिला. चोपड्याच्या बायकाही आल्या होत्या, त्यांत माझी चुलतबहीण काशी. त्या दिवशी सोप्यावर होती त्यांतली एवढी एकच उरली आहे. शेवंती गोधडी घेऊन पाळण्याकडे वळली, आणि काशी उठून आडवी झाली.

"हिका पाळण्याकडे सोडू नको," सायलीला म्हणाली. "हिच्या कपड्यान आमच्या घरचा एक लेकरू गेलेला आसा."

पाळण्याच्या दोऱ्या धरलेल्या बायका तशाच राहिल्या. सायलीचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. काशीने पाहिलं. शेवंतीने पाहिलं — तसंच, त्या दिवसासारखं. पुन्हा तीच वेळ आली होती, आणि या वेळी मी कॉलेजातला पोर नव्हतो. ना आई होती, ना वहिनी. मला कशाची भीती होती? सांगा ना, कशाची? माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी त्यात बघितलं आणि म्हणालो, "बायकांच्या गोष्टी. मी काय बोलू?"

शेवंतीने गोधडी सायलीच्या हातात दिली. चपला शोधल्या. गाडीला थांबली नाही, रस्त्यापर्यंत चालत गेली. सायली फाटकापर्यंत मागे गेली, तिच्याशी काही बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सायलीने मला विचारलं, काशीआजी म्हणाल्या ते खरं का. जुन्या गोष्टी आहेत, मी म्हणालो. शिकलेली मुलगी, असल्या गोष्टींना हसणारी. मी निघायला उठलो तेव्हा पाहिलं — ती पाळण्यापाशी गेली, झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून हलकेच गोधडी काढली, घडी केली, आणि कपाटात सगळ्यात वर ठेवली. मग परत येऊन बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी पुन्हा लावून पाहिला.

ती भीती माझी होती. मी तिला दिली.

तेव्हापासून ती मशीनवर येते, काम करते, जाते. माझ्याशी नीट बोलते. पण मधेच थांबते आणि घरी फोन करून विचारते, बाळ कसं आहे. मी आतल्या खोलीत असतो, मला ऐकू येतं. दिवसातून किती वेळा विचारते, ते ऐकू येतं.

म्हणून हे लिहिलं. आधी सायलीला देणार, मग काशीला, आणि मग छापणाऱ्याला. शेवंतीला वाचता येत नाही. तिच्या दारात जाऊन मी स्वतः सांगेन असं इथे लिहिणार होतो, पण माझ्या सांगण्यावर तुम्ही भरवसा ठेवू नका, म्हणून जे झालं तेवढंच लिहितो. शेवंतीने तेव्हा कपडा दिला नव्हता. तिच्या दारात कोणी गेलंच नव्हतं. ती खरं बोलली होती आणि मी खोटं.

एक राहिलं. वर मी लिहिलं की वाटेत एका झुडपावर कपडा दिसला. वाटेत नाही. शेवंतीच्या घरून आमच्या घराकडे येताना ती वाट लागत नाही. मी मुद्दाम वाट सोडून खाडीच्या बांधावर गेलो, कारण पुरलेल्या बाळांचे कपडे तिथेच टाकतात, तेव्हा तिथे कपडा मिळणार, आणि काही विचारायला कोणी नसणार, हे मला माहीत होतं. केवड्याच्या पानाला एक निळं झबलं अडकवलेलं होतं. खाली ओली माती होती, नुकतीच ओढलेली, लहानशी. मी तिच्याकडे पाहिलं. कपडा तो कपडा, असं मनाशी म्हणालो, आणि फाडला. कोणाचा, ते माहीत नव्हतं. कसला, ते माहीत होतं.